जावयाचा पोशाख

मलकापूरच्या आमच्या घराची पुढची खोली कधीच आमची नव्हती, ती आईच्या गिऱ्हाइकांची होती. तिथे तिचं शिलाई मशीन होतं, भिंतीला टेकलेला उभा आरसा होता, दाराला जाड पडदा होता आणि खुंट्यांवर बायांचे मापाचे ब्लाऊज लटकलेले असायचे. आमच्याकडे कोणी अंगाला टेप लावून माप देत नसे. नीट बसणारा एक जुना ब्लाऊज आणून द्यायचा आणि म्हणायचं, ‘अस्साच शिवजो, फक्त गळा बोटभर खाली.’ आई त्या जुन्या ब्लाऊजवरून बाईची सगळी कुंडली सांगायची. कोणाचा उजवा खांदा झुकलेला आहे, कोण बाळंतपणानंतर भरली आहे, कोण उन्हाळ्यात वाळली आहे. मी मशीनजवळच्या पाटावर बसून काजं करायची, हूक लावायची आणि ऐकायची. इंग्रजी शाळेत मी तोंड उघडत नसे, कारण तिथे माझं वऱ्हाडी ‘काऊन’ आणि ‘मले’ निसटायची भीती असायची, आणि घरी उघडत नसे, कारण घरी बोलणारे भरपूर होते. आता पुण्यात राहते, तिथेही फारसं काही बदललं नाही. ऐकायची सवय मात्र तेव्हापासून पक्की झाली.

त्या उन्हाळ्यात बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. बाबा जिनिंग मिलमध्ये कापूस पारखायचे. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन बोटांत धागा ओढून बघायचा आणि भाव ठरवायचा, हे त्यांचं काम. हंगाम संपला होता, मिलमध्ये शुकशुकाट होता, म्हणून त्यांनी दुखणं उन्हाळ्यावर ढकललं होतं. दवाखान्यात रात्रंदिवस थांबायला पुरुष माणूस हवा म्हणून साखरखेर्ड्याहून सुधाकरमामा आला. मामा आईचा धाकटा भाऊ. भाजीपाला पिकवायचा, अंगानं आडवा, आवाजानं मोठा, आणि मला ‘मॅडम’ म्हणायचा. येताना वांग्याचं पोतं घेऊन आला होता. त्यामुळे पुढचे कित्येक दिवस आम्ही वांग्याची भाजी, वांग्याचं भरीत आणि वांग्याचा भात खाल्ला, आणि बाबा पलंगावरून ओरडायचे, “सुधाकर, तुह्या शेतात दुसरं काही उगवतच नाही का बे?”

“उगवते न दाजी,” मामा म्हणायचा, “पण जावयाले चांगलं तेच आणा लागते.”

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की कमरेला काहीही आवळायचं नाही. हे सांगणं सोपं होतं. पायजम्याची नाडी बरोबर टाक्यावर यायची. लुंगीची गाठ तिथेच. टॉवेल गुंडाळला तर तो सुटायचा, आणि घर गिऱ्हाईक बायांचं. दोन दिवस बाबा एका हातानं टॉवेल धरून घरात फिरले आणि दुसऱ्या हातानं वर्तमानपत्र वाचायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी आईनं कपाटातून स्वतःचा एक मोकळा गाऊन काढला आणि काही न बोलता त्यांच्या उशाशी ठेवला.

“हे काय हाय?” बाबा म्हणाले.

“कपडा.”

“मी बाई हाव का?”

“बाई असते तं इतका कांगावा केला नसता. घाला.”

बाबांनी घातला. तो प्रसंग मी पडद्याच्या फटीतून पाहिला, आणि आजही आठवला की मीटिंगमध्ये मला खोकल्याचं सोंग करावं लागतं. खांदे इतके आवळले होते की हात पंखासारखे बाजूला उभे राहिले. छातीवर दिलेले टक रिकामे, म्हणून तिथे दोन पोकळ टेकड्या उभ्या. पुढच्या चेनमध्ये छातीचे केस अडकले. लांबी घोट्याच्या बरीच वर. पण बाबांनी आधी तक्रार केली ती कापडाची. काठ दोन बोटांत धरून ओढला, चुरगाळला आणि म्हणाले, “शोभा, हे सूत नाही. यात अर्धं प्लास्टिक हाय. तू हे रोज घालतं?”

“तुमीच आणला होता,” आई म्हणाली. “दिवाळीले.”

मग आईनं मनावर घेतलं. पंचाईत अशी झाली की बाबांकडे मापाचा गाऊन नव्हता. कोणत्या पुरुषाकडे असतो? सदऱ्यावरून कापायला गेली तर खालचा घेर जमेना, स्वतःच्या गाऊनवरून कापायला गेली तर वरचं अंग जमेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं टेप गळ्यात अडकवली आणि माणसाला समोर उभं करून मापं घेतली. बाबा हात पसरून उभे, मामा बाजूला उभा राहून सूचना देतोय, “ताई, पोटाले जरा सैल सोडजो, रस-पोळीचे दिवस येऊन राह्यले,” आणि बाबा त्याच्याकडे डोळे वटारून बघतायत. आईनं टक काढून टाकले, चेन काढून गळ्याला दोन बटणं दिली, आणि बगलेत कापडाचा चौकोनी तुकडा जोडला. जुन्या माणसांच्या बंडीला असतो तसा चौबगला. त्यानं हात मोकळा फिरतो. कापड बाबांनी स्वतः पारखलेलं, मऊ करड्या सुताचं. घालून ते खोलीतून स्वयंपाकघरात गेले, परत आले, हात वर केले, खाली केले आणि म्हणाले, “खिसा?”

“गाऊनले खिसा?” आईनं मशीन थांबवलं. “आमी आयुष्यभर बिनखिशाचे गाऊन घालून राह्यलो. चाव्या कमरेले, पैसे छातीशी. तुमचं काऊन अडलं?”

“चष्मा कुठी ठेवू मंग?”

संध्याकाळच्या आत खिसा लागला. त्यानंतर आईनं शिवलेल्या प्रत्येक गाऊनला, स्वतःच्यासुद्धा, खिसा असतो. गल्लीतल्या बायांनी तो मागून घेतला. एका पुरुषाचा चष्मा ठेवायची सोय करावी लागली, तेव्हा कुठे ही सुधारणा झाली, असं आई अजून सांगते.

बाबांची एकच अट होती. त्या कपड्याला घरात कोणी गाऊन म्हणायचं नाही. तो ‘लांब कुर्ता’ होता. लांब कुर्त्याला फुलं नसतात, लेस नसते, झालर नसते, आणि लांब कुर्ता पुढच्या खोलीच्या अलीकडेच राहतो. टाके निघाले, डॉक्टरांनी पँट घालायला हरकत नाही म्हणून सांगितलं, तरी बाबांना पँट काही आठवेना. दुपारी कूलरसमोर लांब कुर्ता पसरून बसायचे, खालून वारं शिरून तो फुगायचा, आणि बाबांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं जसं मी फक्त चांगला लांब धाग्याचा कापूस हातात आल्यावर पाहिलं होतं.

मामा हे सगळं बघत होता. बाबा बरे झाले तरी तो थांबला होता, कारण गच्चीवर कुरडया घालायला आईला हात हवा होता. सकाळी गव्हाचा चीक शिजायचा, मामा घाम पुसत मोठ्या पळीनं घोटायचा, मी वाटीत गरम चीक घेऊन त्यात दूध-साखर घालून खायची. मलकापूरचं ऊन म्हणजे गच्चीवर पाय ठेवला की पाय परत मागावा लागतो. त्या उन्हात मामा जाड पँट आणि वर पट्टा. एका दुपारी तो खाली आला, घामानं निथळत होता, आणि आईला म्हणाला, “ताई, दाजीचा एक कुर्ता दे बरं घडीभर.”

बाबांचा कुर्ता त्याला होईना, बाबा सडपातळ. आईनं इकडे तिकडे पाहिलं. एका गिऱ्हाइकानं शिवायला टाकून कधीच न नेलेला एक गाऊन पेटीच्या तळाशी पडला होता. पिकल्या जांभळाचा रंग, त्यावर बारीक पांढरी फुलं, बाह्यांना आणि खाली झालर. शुद्ध सुती. बाई चांगली धिप्पाड असावी, कारण मामाला तो जवळपास बसला. फक्त खांद्यात अडत होता. आईनं तिथल्या तिथे शिवण उसवली, उरलेल्या कापडाचा चौबगला जोडला, पाठीला थोडी चूण दिली. मामा घालून आरशासमोर उभा राहिला.

त्या आरशासमोर मी शेकडो बाया पाहिल्या होत्या. सगळ्या आधी समोरून बघतात, मग वळून खांद्यावरून पाठ बघतात, मग पाय थोडा पुढे टाकून घेर कसा पडतो ते बघतात. मामाला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्यानं तेच तिन्ही केलं, त्याच क्रमानं. मग झालर दोन बोटांनी उचलून सोडली. ती खाली पडताना त्यानं जे पाहिलं, ते नुसतं उकाड्यातून सुटलेल्या माणसाचं पाहणं नव्हतं, हे मला चौदाव्या वर्षीही कळलं. काय होतं ते मात्र मी तेव्हा स्वतःशीही बोलले नाही, आणि आजही त्याला नाव द्यायची मला घाई नाही. मामानंही कधी दिलं नाही.

“ताई,” तो म्हणाला, “हे घातलं का माणूस मोकळा होते.”

“झालर काढून देऊ का?” आईनं विचारलं.

“राहू दे,” मामा म्हणाला. “झालरीनं काय घोडं मारलं?”

बाबांना मात्र ती झालर खुपली. आतल्या खोलीत करड्या लांब कुर्त्यात बसून ते म्हणाले, “सुधाकर, मर्यादा असते. माणसानं गरजेपुरतं घालावं.” मामा हसला. “दाजी, तुमाले गरज हाय, मले आवड हाय. वारा तं दोघाइलेही तोच लागते.” आई मशीनवर मान खाली घालून हसली. गोष्ट तिथेच राहिली असती. दोन-चार दिवस घरात तीन गाऊन फिरत होते, आणि दोरीवर वाळत घालताना मी मुद्दाम मधे चादर टाकायची, शेजारच्या काकूंनी मोजू नयेत म्हणून.

मग मिलचे मुनीम आले. दुपारची वेळ, आई मापाचा ब्लाऊज परत द्यायला गल्लीत गेली होती. दाराशी “काय शेठ, बरी हाय का तब्येत?” असा आवाज आला आणि बाबांचा चेहरा उतरला. पँट घालायला वेळ नव्हता. त्यांनी पलंगावरची जाड चादर ओढली आणि गळ्यापर्यंत गुंडाळून बसले. मुनीम आत येऊन बसले. बाहेर पक्षी झाडावर तोंड उघडे टाकून बसले होते, आणि बाबा चादरीत.

“थंडी वाजून राह्यली का?” मुनीम चकित.

“थोडी थोडी,” बाबा म्हणाले. कपाळावरून घामाची धार भुवईत उतरत होती. “ऑपरेशननंतर होते असं.”

“मलेरिया तं नाही न?”

मी आत पाणी भरत होते, पण मामानं माझ्या हातातून तबक घेतलं. पाहुण्याला पाणी न्यायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात. स्वतःच्या अंगावर काय आहे हे तो विसरला होता. नीट बसणारा कपडा अंगावर असल्याचं विसरायलाच होतं. जांभळी झालर हलवत तो बाहेर गेला आणि अदबीनं म्हणाला, “घ्या साहेब, माठातलं थंड पाणी.”

मुनिमांनी पेला घेतला. पेल्याच्या कडेवरून त्यांनी मामाला खालून वर आणि वरून खाली पाहिलं. “पाहुणे कुठचे?”

बाबांनी मामाकडे पाहिलंच नाही. “साळा हाय,” ते म्हणाले, आणि चादरीतून एक बोट बाहेर काढून कानाजवळ फिरवलं. “थोडा सटकेल हाय. जाऊ द्या.”

मामा तबक घेऊन उभाच होता. मुनीम “अरेरे” म्हणाले. मामानं रिकामा पेला घेतला, आत आला, तबक ओट्यावर ठेवलं. मग दार लावून कपडे बदलले. जांभळ्या गाऊनची घडी त्यानं आईसारखीच घातली, बाह्या आत, झालर वर. पँटचा पट्टा नेहमीच्या भोकापेक्षा एक भोक पुढे ओढला. मुनीम गेल्यावर बाबा चादर भिरकावून आत आले, अंगातला कुर्ता ओलाचिंब, आणि ओरडायला लागले, “बाहेर येतानी अक्कल नाही का? मिलभर होईन आता! लोक हसतीन!” मामा त्या ओल्या करड्या कुर्त्याकडे बघत राहिला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस गप्प बसला की घर कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. आई आली तेव्हा तो पिशवी घेऊन दारात होता. “भाजीले पाणी द्या लागते,” एवढं सांगून तीनच्या बसनं गेला.

आईनं सगळं माझ्याकडून काढून घेतलं. ती भांडली नाही. मात्र बाबांच्या एका कुर्त्याची बगल उसवली, ती उसवलेलीच राहिली. दुसऱ्याचा खिसा फाटला, तो तसाच लोंबला. बाबांनी एकदा कुर्ता मशीनवर आणून ठेवला, तेव्हा आई म्हणाली, “सटकेल माणसाची बहीण हाव मी. उलटसुलट शिवलं गेलं तं?” आणि तो उचलून त्यांच्या हातात दिला.

मग धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी एकदा येणारा हा जास्तीचा महिना म्हणजे जावयांची दिवाळी. सासरच्यांनी लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाचे पाय धुवायचे, त्याला नवा पोशाख द्यायचा. जावयानं तो तिथेच अंगात घालून पाटावर बसायचं, मग त्याला ओवाळायचं. आजी-आजोबा गेल्यापासून हा मान मामाकडे होता. गल्लीत रोज कोणाचं तरी बोलावणं यायचं, नव्या कपड्यातले जावई स्टँडवर दिसायचे. आमचा फोन वाजत नव्हता. बोलावणं आल्याशिवाय जायचं नसतं, आणि न येणं म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. आई फोन मशीनवर ठेवूनच शिवायची. बाबाही येता-जाता त्याच्याकडे बघायचे, घड्याळ बघितल्यासारखं करत.

फोन वाजला तेव्हा आई न्हाणीत होती. मी उचलला.

“मॅडम,” मामाचा आवाज दबका होता, “कोणाले सांगजो नको. दाजीचा मापाचा एक कपडा एसटीनं पाठवून दे.”

“सदरा?” मी विचारलं.

“सदरा काऊन? सदरा तं दुकानात भेटते. जो आता अंगात राह्यते, तो.”

मला कळायला वेळ लागला नाही. स्टँडवर जाऊन अनोळखी कंडक्टरशी बोलायचं होतं. वाक्य मी रस्ताभर घोकलं, आणि कंडक्टरसमोर उभी राहिल्यावर ते इंग्रजीत बाहेर पडलं. त्यानं पिशवी चाचपली. “काय हाय यात?” “कपडे,” मी म्हटलं. ‘कपडे’ खरंच एकाहून जास्त होते. बाबांच्या उसवलेल्या करड्या कुर्त्याखाली मी जांभळा गाऊनही ठेवला होता. कोणी सांगितलं नव्हतं. तो मामाच्या मापाचा होता, आमच्या पेटीत त्याचं काही काम नव्हतं. करडा कुर्ता हरवल्यावर बाबांनी घरभर शोधला, आणि आईनं तिसऱ्यांदा विचारल्यावर मी म्हटलं, “वाऱ्यानं उडाला असेल.” तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विषय बदलला. दोन दिवसांनी लतामामीचा फोन आला. बोलावणं.

बुलढाण्याचा घाट चढताना बाबांनी एका हातानं पट्टा सैल धरला होता. पँट, इस्त्रीचा सदरा, नवी चप्पल. चिखलीला गाडी बदलली. साखरखेर्ड्याच्या वाटेवर ते आईला म्हणाले, “पोशाख साधाच असन त्याचा. मी काही बोलणार नाही.” म्हणजे ते काही तरी बोलायचा सराव करत होते.

मामाच्या अंगणात मांडव होता, शेवग्याच्या सावलीत चटया. पाच-सात भाऊबंद आले होते, त्यांच्या बाया आत मामीला मदत करत होत्या. पुरणाचा आणि आंब्याच्या रसाचा वास, रसाबरोबर खायला काडीवर वळलेले कणकेचे सरगुंडे, आणि कढईत धोंडे तळायचा आवाज. आईचे चुलते, आम्ही त्यांना मोठे आबा म्हणायचो, स्वच्छ धोतरात बाजेवर बसले होते. मामानं “या दाजी” म्हटलं, फार अदबीनं, आणि हेच वाईट होतं. वांग्यावरून एकही टोमणा नाही. त्यानं परातीत बाबांचे पाय धुतले, पुसले, कुंकवाचं बोट लावलं. मग मामीनं तबक आणलं. नारळ, सुपारी, आणि वर्तमानपत्रात बांधलेला पोशाख.

बाबांनी दोरा सोडला. पांढरं सुती कापड. त्यांची बोटं आपोआप काठाकडे गेली, धागा ओढून पाहिला, आणि चेहरा क्षणभर खुलला. चांगलं सूत होतं. मग त्यांनी सदरा समजून तो उलगडायला सुरुवात केली, आणि तो उलगडतच गेला. गुडघ्यापर्यंत, पिंढरीपर्यंत, जमिनीपर्यंत. शेवटी जांभळी झालर.

अंगणात कोणीतरी श्वास आत ओढला. आई शेवग्याकडे बघायला लागली.

“पोशाख हाय दाजी,” मामा म्हणाला. आवाज आता नेहमीचा, मोठा, पण थरथरता. “घालून या. आमी सटकेल माणसं. आमच्याकडून असाच होते.”

पोशाख नाकारणं म्हणजे सासरच्या उंबऱ्यावर लाथ मारणं. घालणं म्हणजे काय, ते अंगणातली सगळी माणसं बघत होती. बाबांनी मामाकडे पाहिलं, बरोबर डोळ्यांत. मला वाटतं, त्या दुपारपासून पहिल्यांदा. मग कापड हातावर टाकलं आणि आत गेले. बराच वेळ दार बंद राहिलं. कढईतला आवाजही थांबला. आईनं माझं मनगट धरलं होतं. मामा परात उचलून पुन्हा खाली ठेवत होता. एक भाऊबंद दुसऱ्याला म्हणाला, “मागच्या दारानं गेले वाट्टे.”

दार उघडलं. बाबा बाहेर आले.

गाऊन असा बसला होता की आईचे डोळे आधी खांद्याच्या शिवणीवर गेले, मग बगलेवर. चौबगला होता. खिसा होता. “लता, तू शिवला?” ती पुटपुटली, आणि मामी म्हणाली, “मंग? मापाचा कपडा होता न.” बाबा अंगणाच्या मध्यापर्यंत चालत आले. झळ सुटली होती, घेर पालासारखा फुगला. हसू कुठून सुटेल याची सगळे वाट बघत होते. मोठे आबा काठीवर पुढे झुकले, त्यांनी आपल्या धोतराकडे पाहिलं, बाबांच्या झालरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “बरोबर हाय. हवा खालूनच लागली पाह्यजे. पँटीत माणूस शिजते.”

मग हसू सुटलं, पण ते आबांच्या बाजूनं सुटलं. मामीनं पाट पुढे केला. बाबा पाटाजवळ आले आणि थांबले.

“मी नाई बसत,” ते म्हणाले.

“रुसले!” बायांच्यात गलका उठला. “जावई रुसले!” धोंड्याच्या महिन्यात जावयानं रुसणं हा त्याचा हक्क. घड्याळ मागतात, अंगठी मागतात, एकानं फटफटी मागितल्याचं आबा अजून सांगायचे. “बोला जावईबापू,” आबा म्हणाले, “काय पाह्यजे?”

“साळ्याचा पोशाख कुठी हाय?” बाबा म्हणाले. ते कोणाकडेच बघत नव्हते, स्वतःच्या धुतलेल्या पायांकडे बघत होते. “जांभळा. पेटीतून गेला, मंग इथंच असन. तो घालून हा बाजूले बसल्याशिवाय मी बसत नाही. जेवतही नाही.”

मामाच्या हातातली परात कलली, पाणी सांडलं. “दाजी,” तो म्हणाला, “लोक हसतीन.”

“हसतीन,” बाबा म्हणाले, “तं दोघाइले हसतीन.”

एवढंच. जावई साळ्याची माफी मागत नसतो. आमच्याकडे तशी रीतच नाही, आणि रीतीबाहेरचं बाबांना जमत नसे. रुसायची मात्र रीत होती, ती त्यांनी वापरली. मग मामी ओरडली, “जा न आता! रोज संध्याकाळी दार लावून घालता, आज दार उघडून घाला!” अंगणभर हशा पिकला, आणि त्या हशातूनच मामा आत गेला. बाहेर आला तो जांभळ्या गाऊनमध्ये. दाराशी थबकला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं, पाय किंचित पुढे टाकला, आणि घेर कसा पडतो ते बघितलं. एका वहिनीनं पुढे होऊन झालर बोटांनी चाचपली. “रंग चांगला हाय हो भाऊजी, कुठचा?” “मलकापूरचा,” मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज पुन्हा त्याच्या मापाचा झाला होता.

दुसरा पाट मांडला. मामीनं निरांजन लावलं. दोघं खाली बसले, पुरुष बसतात तसे, धपकन, गुडघे दोन दिशांना. दोन्ही गाऊन एकदम मांड्यांपर्यंत वर गेले. बायांनी पदर तोंडाला लावले, आबांनी मान फिरवली, बाबा घाबरून झालर खाली ओढायला लागले, तर ती मागून निसटली. मामा पुढून सावरायला गेला तर बाजूनं उघडा पडला. दोघं मोठे बाप्ये, आणि दोघांनाही एवढी साधी गोष्ट येत नव्हती. ती मला पाचव्या वर्षापासून येत होती, कारण मी जरा कुठे बसले की ती कोणी ना कोणी मला सांगायचं. मी पुढे कशी झाले ते आठवत नाही. एवढ्या माणसांत मी आपणहून बोलायची ती पहिलीच वेळ.

“उठा,” मी म्हटलं. “दोघंही उठा बरं.”

आई माझ्याकडे बघत राहिली. बाबा उठले, मामा उठला.

“आधी मागचा घेर हातानं पुढे घ्यायचा. गुडघ्याखाली दाबायचा. आणि मंग मांडी घालायची. हळू. हे बसणं असं पडल्यासारखं नसते.”

ओवाळायला थांबलेल्या मामीसमोर, सगळ्या भाऊबंदांसमोर, दोघांनी माना खाली घालून घेर गोळा केला. बाबांनी झालर बोटांत धरली आणि गुडघ्याखाली सारली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “असं?”

“आणखी थोडं,” मी म्हटलं.